जीवशास्त्राच्या मूळ कल्पना : गोव्यातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी ते बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवताना काही प्रश्न दरवर्षी समोर येतात. त्यांतले थोडे परीक्षेपुरते असतात. बाकीचे खरोखर चांगले असतात, आणि पुस्तकातल्या दोन ओळींत त्यांचं समाधान होत नाही. अशा प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणं मुद्दाम गोव्यातली घेतली आहेत, कारण खाजन शेती, काजूचे बोंडू आणि चतुर्थीची माटोळी आपल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. प्रश्न क्रमाने वाचायची गरज नाही. अडलेला प्रश्न शोधा आणि तिथून सुरुवात करा.

जीवशास्त्र म्हणजे पाठांतराचाच विषय ना?

संज्ञा पाठ कराव्या लागतात, त्याला इलाज नाही. पण नुसत्या संज्ञा पाठ करणाऱ्या मुलाला प्रश्न जरा फिरवून विचारला की तो अडकतो. त्यावर एक सवय उपयोगी पडते. कोणतीही रचना किंवा क्रिया समोर आली की विचारायचं, ही नसती तर या जिवाचं काय अडलं असतं? पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, नसती तर पानात कार्बन डायऑक्साइड शिरला कुठून असता? आणि ती रात्रंदिवस सताड उघडी राहिली असती तर मे महिन्याच्या उन्हात पानातलं पाणी टिकलं असतं का? एवढा विचार केला की रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी कशासाठी असतात ते आपोआप कळतं. मग व्याख्या लिहिताना शब्द मागेपुढे झाले तरी अर्थ चुकत नाही.

पेशी डोळ्यांनी दिसते का?

बहुतेक पेशी दिसत नाहीत. आपली तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद असते, आणि १ मिलिमीटरमध्ये १,००० मायक्रोमीटर असतात. म्हणजे मोजपट्टीवरच्या एका मिलिमीटरच्या अंतरात अशा सव्वाशेहून अधिक पेशी ओळीने बसतील. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी त्यामानाने मोठ्या असतात, म्हणून शाळेत पहिला प्रयोग कांद्याचाच करतात.

एक पेशी मात्र आपण रोज पाहतो. कोंबडीच्या न फळलेल्या अंड्यातला पिवळा बलक ही एकच पेशी आहे. तिच्यात पिल्लासाठी अन्न भरलेलं असतं, म्हणून ती एवढी मोठी असते. याउलट पपनसाच्या फोडीतल्या रसाळ कळ्या पाहून अनेक मुलं ‘ह्या पेशी’ असं सांगतात. ते बरोबर नाही. त्यातली प्रत्येक कळी पुष्कळ पेशींची बनलेली असते.

रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले, त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या. आत जिवंत असं काहीच उरलेलं नव्हतं. सगळ्या वनस्पती आणि प्राणी पेशींचेच बनलेले असतात हे श्लायडेन आणि श्वान यांनी १८३८-३९ मध्ये मांडलं, आणि पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते हे फिर्खोने १८५५ मध्ये ठासून सांगितलं. हूकपासून इथवर यायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली. तेव्हा तुम्हाला हे एका तासात पचलं नाही तर घाबरू नका.

वनस्पतीची पेशी आणि प्राण्याची पेशी यांत मुख्य फरक कोणता?

वनस्पतीच्या पेशीला पेशीपटलाच्या बाहेर सेल्युलोजची टणक भित्तिका असते, हिरव्या भागांत हरितलवके असतात आणि मध्यभागी मोठी रिक्तिका असते. प्राण्याच्या पेशीत भित्तिका आणि लवके नसतात. कारणही ध्यानात ठेवा. झाडाला सांगाडा नाही आणि जागचं हलता येत नाही, तेव्हा उभं राहायला भित्तिका लागते आणि अन्न जागेवरच करायला हरितलवके लागतात.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे ‘पेशीचं शक्तिकेंद्र’. एवढं लिहिलं तर गुण मिळतात. पुरेसं नाही का?

गुणांसाठी कदाचित पुरेल, पण त्यातून कळत काहीच नाही. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजेच तंतुकणिका, शक्ती निर्माण करत नाहीत. अन्नाच्या रेणूंत ऊर्जा आधीच असते. ऑक्सिजनच्या मदतीने ते रेणू टप्प्याटप्प्याने मोडायचे आणि सुटणारी ऊर्जा एटीपी नावाच्या लहान रेणूंत साठवायची, हे काम बहुतांशी तंतुकणिकांत चालतं. पेशीला काहीही करायचं असलं, स्नायू आखडायचा असो की नवं प्रथिन बांधायचं असो, ती हे एटीपी वापरते. एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी मिळतात असं जुन्या पुस्तकांत सापडेल. आजचा अंदाज ३० ते ३२ चा आहे. परीक्षेत तुमच्या पुस्तकातला आकडा लिहा.

इथेच दुसरा गोंधळही मिटवून टाकू. श्वासोच्छ्वास म्हणजे हवा आत-बाहेर करणं. श्वसन म्हणजे पेशीत अन्न मोडून ऊर्जा मिळवणं. झाडाला फुप्फुस नाही, पण त्याचं श्वसन चोवीस तास चालू असतं. ‘झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत इतक्यांदा येतं की ते चूक आहे हे मोठ्याने सांगायला हवं. दिवसाही श्वसन चालूच असतं. फक्त प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्यामुळे ते झाकलं जातं.

ऑक्सिजन नसेल तर श्वसन बंद पडतं का?

सगळ्यांचं नाही. मार्च-एप्रिलमध्ये सत्तरीत, डिचोलीत किंवा काणकोणात काजूच्या भट्टीजवळून जाताना येणारा वास आठवा. बोंडूंचा रस काही दिवस आंबवत ठेवतात. त्या रसातल्या किण्व पेशी, म्हणजे यीस्ट, ऑक्सिजनशिवाय साखर मोडतात. एका ग्लुकोजपासून इथेनॉलचे, म्हणजे अल्कोहोलचे, २ रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचे २ रेणू तयार होतात. रसावर येणारा फेस हा त्या वायूचा. यात पेशीला अवघे २ एटीपी मिळतात, बाकीची ऊर्जा अल्कोहोलमध्येच अडकून राहते. अल्कोहोल जळतं ते त्याच ऊर्जेमुळे. पुढे भट्टीवर उर्राक आणि फेणी काढतात तो भाग ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे रसायनशास्त्राचा. जीवशास्त्र आंबवण्याच्या भांड्यात संपलं.

सान्नां फुगतात तीही ह्याच क्रियेने. माडाच्या सुरेतलं यीस्ट पिठातली साखर मोडतं, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे पिठात अडकतात आणि वाफेवर ती जाळी पक्की होते.

आपले स्नायूही जोराने धावताना थोडा वेळ ऑक्सिजनशिवाय काम चालवतात, पण तिथे अल्कोहोलऐवजी लॅक्टिक आम्ल तयार होतं. खेळाच्या तासानंतर दुसऱ्या दिवशी पाय दुखतात त्याचा दोष मात्र त्याच्या माथी मारू नका. लॅक्टिक आम्ल तासा-दोन तासांत निघून जातं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे असतं.

झाडाचं एवढं लाकूड कुठून येतं? मातीतूनच ना?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, आणि वर्गात विचारला की बहुतेक हात ‘माती’ म्हणून वर जातात.

व्हान हेल्मोंट नावाच्या एका वैद्याने सतराव्या शतकात याचा प्रयोग करून पाहिला. मोठ्या कुंडीत वाळवून तोललेली माती घातली, त्यात वाळुंजाचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी दिलं. झाडाचं वजन सुमारे ७४ किलोंनी वाढलं. माती पुन्हा वाळवून तोलली तर ती अवघी ५७ ग्रॅमच्या आसपास कमी झाली होती. हे सगळं झाड पाण्यापासून बनलं, असा निष्कर्ष त्याने काढला. तो निष्कर्ष अर्धाच बरोबर होता, पण तराजू वापरायची त्याची कल्पना अप्रतिम होती.

राहिलेला अर्धा भाग हवेत आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. तेवढाच पानं रंध्रांतून आत घेतात, मुळांनी आणलेल्या पाण्याशी सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेने जोडतात आणि साखर बनवतात. कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू, पाण्याचे ६ रेणू, त्यांतून ग्लुकोजचा १ रेणू आणि ऑक्सिजनचे ६ रेणू. सुक्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो आणि तो सगळा हवेतून आलेला असतो. तुमच्या परसातला माड, त्याच्या खोडासकट आणि नारळांसकट, मुख्यतः हवा आणि पाणी यांचा बनला आहे. मातीतून येतात ती नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियमसारखी थोडी, पण अत्यावश्यक द्रव्यं.

आणि बाहेर पडणारा ऑक्सिजन? तो कार्बन डायऑक्साइडमधून निघत असणार असं वाटतं. १९४१ मध्ये रूबेन आणि कामेन यांनी ऑक्सिजनचा जड प्रकार वापरून दाखवलं की तो पाण्यातून येतो. अकरावी-बारावीत हा प्रश्न हमखास विचारतात.

मग कीटक खाणाऱ्या वनस्पती प्रकाशसंश्लेषण करत नाहीत का?

करतात. पावसाळ्यात एखाद्या सड्यावर जाऊन खाली वाकून पाहा. जांभ्या दगडावरच्या पातळशा, ओलसर मातीत दवबिंदू ही चिमुकली वनस्पती सापडेल. पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात, त्यात बारीक किडे अडकतात. निळसर फुलांची सीतेची आसवं तिथेच जवळ उगवतात. तिचे सापळे पाण्यात किंवा चिखलात, सूक्ष्म पिशव्यांच्या रूपात असतात. ह्या दोघी हिरव्या आहेत, साखर स्वतःच करतात. सड्यावरची माती मुसळधार पावसाने धुऊन निघालेली असते, तिच्यात नायट्रोजन फारच कमी. किड्यांकडून त्या तो मिळवतात. पहिल्या उत्तरातली ‘ही नसती तर काय अडलं असतं?’ असं विचारायची सवय इथे वापरून पाहा. खतावलेल्या कुळागरात ह्या वनस्पतींना सापळ्यांचा काही फायदा झाला असता का?

परासरण नेमकं कळत नाही. मीठ आत जातं की पाणी बाहेर येतं?

पेशीपटलातून पाणी सहज जातं-येतं, मीठ आणि साखर सहज जात नाहीत. पटलाच्या दोन बाजूंना विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण वेगळं असलं, की पाणी कमी प्रमाणाच्या बाजूकडून जास्त प्रमाणाच्या बाजूकडे जातं. यालाच परासरण म्हणतात. चेपणीची तोरां करताना आई कोवळ्या कैऱ्या मिठात घालून वर वजन ठेवते. दोन दिवसांनी बरणीत पाणी सुटलेलं असतं आणि कैऱ्या सुरकुतलेल्या असतात. ते पाणी कैरीच्या पेशींतून आलेलं असतं. बरणीत पडलेल्या जीवाणूंची गतही तीच होते, त्यांच्या पेशींतलं पाणी ओढलं जातं, आणि म्हणून तोरां टिकतात. पुढे पेशी मेल्यावर पटल निकामी होतं आणि मग मीठ आत मुरतं. म्हणजे प्रश्नातल्या दोन्ही गोष्टी होतात, एकीमागून एक.

आता हाच विचार नदीकाठी न्या. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. भरतीचं पाणी मांडवी आणि जुवारीतून बरंच आत येतं. साधं भाताचं रोप त्या पाण्यात लावलं तर भोवती पाणीच पाणी असूनही ते तहानेने मरेल, कारण मुळांना पाणी आत ओढताच येणार नाही. चोडणच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात दिसणारी खारफुटी तिथे कशी जगते? त्यातल्या एका गटाने, कांदळाच्या म्हणजे ऱ्हायझोफोराच्या जातींनी, बरंचसं मीठ मुळांपाशीच अडवण्याची सोय केली आहे. तिवराची झाडं, म्हणजे अ‍ॅव्हिसेनिया, मीठ आत घेतात आणि पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतात. कोरड्या दिवसांत तिवराचं पान जवळून पाहा, वर मिठाचे कण चमकताना दिसतील. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची श्वसनमुळं पेन्सिलींसारखी सरळ वर येतात. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि लांब शेंगेसारखं रोप खाली पडतं, कारण खाऱ्या चिखलात कोवळ्या अंकुराला पहिले दिवस काढणं अवघड असतं.

खाजन शेती ही या सगळ्यावर माणसाने काढलेली तोड आहे. बांध घालून खारं पाणी अडवायचं, मानशीच्या दारांनी भरती-ओहोटीचा हिशेब सांभाळायचा, पावसाने मीठ धुतलं गेलं की कोरगूटसारखं खारटपणा सोसणारं भात लावायचं. परासरणाचा धडा शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. रायबंदरहून फेरीने चोडणला जाता येतं. शाळांनी ओहोटीच्या वेळी तरी मुलांना एकदा तिथे न्यावंच.

फळ कशाला म्हणायचं? काकडी भाजी आहे की फळ?

फुलातल्या अंडाशयापासून तयार होतं ते फळ. काकडी, भेंडी, मिरची, वांगं ही सगळी फळंच. स्वयंपाकघरातला भेद वेगळा आणि वनस्पतिशास्त्रातला वेगळा.

पण हा धडा फळ्यावर कशाला शिकायचा? चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपतीवर माटोळी बांधतात ती पाहा. माट्टीची फळं घ्या. त्यांना पाच पंख असतात, वाऱ्यावर दूर जाण्यासाठी. घागऱ्यो हलवल्या की आतल्या सुट्या बिया खुळखुळतात, ही द्विदल कुळातली शेंग. आमाडे हे आंब्याच्या कुळातलं कोय असलेलं फळ. तोरिंगां लिंबाच्या कुळातली. कांगलां तडकली की आतल्या तांबूस गराकडे पक्षी ओढले जातात. नारळ हेही कोय असलेलंच फळ, सोडण म्हणजे त्याचं मधलं आवरण आणि करवंटी आतलं. सोडणात हवा असते, म्हणून नारळ पाण्यावर तरंगत नव्या किनाऱ्याला लागतो. बीज दूर कसं पोचवायचं या एका अडचणीवर निघालेले किती मार्ग त्या एका चौकटीला टांगलेले असतात! माटोळीचं साहित्य आणायला घरातल्या मोठ्यांबरोबर रानात जा आणि प्रत्येक फळ कापून त्याची आकृती काढा. वहीत दुसरं काही नसलं तरी चालेल.

काजूचा बोंडू मात्र खरं फळ नाही. तो फुगलेला देठ आहे. खरं फळ खाली लोंबणारी बी, आणि आपण खातो तो गर तिच्या आतलं बीज. मूळची ही वनस्पती ब्राझीलची, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर इथे आली.

नारळाचं पाणी काय असतं, हाही प्रश्न येतो. ते द्रवरूप भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणासाठी साठवलेलं अन्न, असतं. त्यात असंख्य केंद्रकं मोकळी तरंगत असतात, आणि हळूहळू भिंती तयार होऊन करवंटीला लागून पांढरं खोबरं बनतं. शहाळ्यात पाणी जास्त आणि खोबरं मऊ का, याचं उत्तर यातच आहे.

अळमी ही वनस्पती आहे का?

नाही. अळमी म्हणजे भूछत्रं, ती कवकांत म्हणजे बुरशीच्या गटात येतात, आणि कवकांची सृष्टीच वेगळी. व्हिटेकरने १९६९ मध्ये पाच सृष्टींची मांडणी केली तेव्हा कवकांना स्वतंत्र स्थान दिलं. त्यांच्यात हरितद्रव्य नाही आणि पेशीभित्तिका कायटिनची असते. पावसाळ्यात रस्त्याकडेला विकायला येणारी रोयणीची अळमी वाळवीच्या वारुळावरच उगवतात. वाळवी वारुळात त्या कवकाची बाग राखते, त्याला चावलेलं लाकूड-पाला पुरवते, आणि कवक तो कठीण पाला पचण्याजोगा करून देतं. दोघांचाही फायदा होतो, याला सहोपकारिता म्हणतात. वाळवीशिवाय ही अळमी शेतात पिकवता येत नाहीत. वारूळ खणून अळमी ओरबाडली तर पुढच्या वर्षी काय होईल ते तुम्हीच सांगा.

डीएनए, जनुक आणि गुणसूत्र यांत फरक काय?

डीएनए हा लांब रेणू. त्यातला, एखादं प्रथिन कसं बनवायचं याची माहिती असलेला तुकडा म्हणजे जनुक. प्रथिनांभोवती गुंडाळलेला असा एक अख्खा रेणू म्हणजे गुणसूत्र. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं आणि सुमारे २०,००० प्रथिन बनवणारी जनुकं असतात. बटाट्यात गुणसूत्रं ४८, आंब्यात ४०, भातात २४. संख्येवरून कोणी श्रेष्ठ ठरत नाही.

मानकुरादाची कोय लावली तर मानकुराद मिळेल का?

मिळेलच असं नाही, बहुधा मिळणार नाही. कोयीतल्या भ्रूणात अर्धी जनुकं त्या झाडाची आणि अर्धी परागकण ज्या झाडाचा त्याची. शिवाय दोन्ही बाजूंची जनुकं नव्याने मिसळलेली. म्हणून मानकुरादाचं कलम करतात. कलमाच्या फांदीत सूत्री विभाजनाने पेशी वाढतात, त्यामुळे डीएनए तोच राहतो आणि चवही तीच.

सूत्री विभाजनात एका पेशीच्या दोन होतात आणि गुणसूत्रं तेवढीच राहतात. अर्धगुणसूत्री विभाजनात चार पेशी होतात आणि प्रत्येकीत संख्या निम्मी होते. निम्मी करावी लागते, कारण नर आणि मादी युग्मकं, म्हणजे प्रजननाच्या पेशी, एकत्र आल्यावर ती पुन्हा पूर्ण होते. ही निम्मी करण्याची क्रिया बिघडली तर काय होतं, हे केळं सोलून पाहा. आपण खातो त्या बहुतेक केळींत ११ गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे ३३ असतात. तीन संचांचे दोन सारखे भाग होत नाहीत, युग्मकं नीट बनत नाहीत, आणि बियांच्या जागी नुसते काळे ठिपके राहतात. केळ लावतात ती मुनव्यांनी, ती याचमुळे.

मेंडेलचं ३:१ म्हणजे चार मुलांपैकी तीन एका प्रकारची असणारच का?

अजिबात नाही. ते शक्यतेचं प्रमाण आहे. वाटाण्यांच्या संकरातून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दुसऱ्या पिढीचे ७,३२४ वाटाणे मोजले. ५,४७४ गोल निघाले, १,८५० सुरकुतलेले. प्रमाण २.९६ ला १. एवढे मोजल्यावरही नेमकं ३ आलं नाही. एका शेंगेतले सगळे वाटाणे गोल असू शकतात.

मुलगा की मुलगी हे कोण ठरवतं?

आईच्या प्रत्येक अंडपेशीत एक्स गुणसूत्र असतं. वडिलांच्या शुक्रपेशींत काहींत एक्स, काहींत वाय. वाय असलेल्या शुक्रपेशीने अंडपेशी फलित झाली तर मुलगा. मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्यांना दहावीचं पुस्तक उघडून दाखवा, हे मी वर्गात दरवर्षी आवर्जून सांगतो.

सगळ्याच प्राण्यांत हे असं ठरत नाही. मोरजी, आश्वें-मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, एका खेपेला साधारण शंभर. पिल्लं नर होतील की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही होतात, त्याहून गरम वाळूत माद्या जास्त, थंड वाळूत नर जास्त. किनारे तापत गेले तर नर कमी होत जातील, ही काळजी खरी आहे.

तापासाठी डॉक्टर कधी अँटिबायोटिक देतात, कधी देत नाहीत. का?

ताप कशामुळे आला यावर ते अवलंबून आहे. प्रतिजैविकं, म्हणजे अँटिबायोटिक, जीवाणूंच्या भित्तिकेवर, प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमवर किंवा अशाच भागांवर मारा करतात. विषाणूला यांपैकी काहीच नसतं. तो आपल्या पेशीतली यंत्रणा वापरून वाढतो, त्यामुळे त्याच्यावर प्रतिजैविक चालत नाही. डेंग्यू विषाणूचा. सत्तरीत आढळणारा, गोचिडींतून पसरणारा माकडतापही विषाणूचा, तो प्रथम १९५७ मध्ये कर्नाटकात ओळखला गेला. शेतात चिखलात काम करणाऱ्यांना उंदरांच्या मूत्रातून होणारा लेप्टोस्पायरोसिस मात्र जीवाणूचा, त्यावर प्रतिजैविक लागू पडतं आणि लवकर घ्यावं लागतं. मलेरिया तर या दोन्हींत बसत नाही. तो आदिजीवाचा, म्हणजे केंद्रक असलेल्या एकपेशीय जीवाचा आहे. डासाच्या पोटात तो रोनाल्ड रॉसला १८९७ मध्ये सिकंदराबादेत सापडला.

विषाणू सजीव आहे का, हा प्रश्न अजून वादाचा आहे. १९३५ मध्ये स्टॅन्लीने तंबाखूच्या पानांवरच्या विषाणूचे स्फटिक काढून दाखवले. पेशीबाहेर तो स्फटिकासारखा निपचित, पेशीत शिरला की त्याच्या हजारो प्रती. परीक्षेत ‘सीमेवरचा’ असं लिहून दोन्ही बाजूंची कारणं द्या.

माणूस माकडापासून झाला का?

आजच्या कोणत्याही माकडापासून नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एकच होता, आणि सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्या. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली’. डार्विनने १८५९ मध्ये मांडलं ते असं की, एकाच जातीत फरक आधीपासून असतात, परिस्थितीत ज्यांचा निभाव लागतो त्यांची पिल्लं जास्त होतात आणि त्यांचे गुण पुढच्या पिढीत वाढतात. हे आजही घडताना दिसतं. औषध फवारलं की बहुतेक डास मरतात, थोडे वाचतात, आणि पुढची पैदास त्या वाचलेल्यांची असते. प्रतिजैविकाचा कोर्स अर्धवट सोडू नका किंवा मनाने घेऊ नका, असं डॉक्टर सांगतात तेही यासाठीच.

अन्नसाखळीत बाण कुठल्या दिशेने काढायचा?

ऊर्जा जिकडे जाते तिकडे. म्हणजे खाल्ला जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे. वनस्पतिप्लवक → प्राणिप्लवक → बांगडा → इसवण → माणूस. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. प्रत्येक पायरीला साधारण १० टक्के ऊर्जाच पुढे जाते, हे लिंडेमनने १९४२ मध्ये मांडलं. प्रत्यक्षात आकडा थोडा कमी-जास्त होतो. तारले समुद्रात एवढे विपुल आणि इसवण त्यामानाने कमी, याचं एक मोठं कारण हेच. तारले प्लवक खातात, इसवण त्यांना खाते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण बऱ्याच माशांचा विणीचा हंगाम तेव्हा असतो. साखळीची एखादी पायरी त्या दोन महिन्यांत उपसली तर वरच्या सगळ्यांच्या ताटात फरक पडतो.

माझी मुलगी चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, आता सगळं इंग्रजीतून आहे. तिला जीवशास्त्र जड जातंय. काय करावं? (एका पालकांचा प्रश्न)

आधी मराठीत समजू द्या. तिला विषय जड जात नाही, एका वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागताहेत. संध्याकाळी तिला तो धडा तुम्हाला मराठीत किंवा कोंकणीत समजावून सांगायला लावा आणि मध्ये मध्ये ‘पण असं का?’ विचारा. तुम्हाला विषय येत नसला तरी चालेल. तिला सांगता आलं की मग इंग्रजी संज्ञा वहीत एका बाजूला लिहायच्या आणि त्या समोर स्वतःच्या वाक्यात अर्थ. महाराष्ट्राची मराठी माध्यमाची विज्ञानाची पुस्तकं जोडीला ठेवली तर फार मदत होते.

आकृत्यांना गुण का कापतात?

बहुतेक वेळा नावांच्या रेषा भागाला टेकलेल्या नसतात, म्हणून. पेन्सिलीने काढा, छटा देऊ नका, रेषा एकमेकींना छेदू देऊ नका, नावं एकाच बाजूला लिहा. आणि पुस्तकातली आकृती पाहून दहादा काढण्यापेक्षा जास्वंदीचं फूल ब्लेडने उभं कापून एकदा समोर ठेवून काढा. कापताना मोठं कोणीतरी जवळ असू द्या.